शय्यासौहार्दचा सॉफ्ट लाँच

४ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

महत्कार्याच्या आरंभी कर्त्याने नोंदी ठेवाव्यात, म्हणजे उत्तरकाळात अभ्यासकांची तारांबळ होत नाही. म्हणून ही रोजनिशी. तूर्त वाचकसंख्या एक.

उद्या ताईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन. नंतर सात आठवडे तिचा मुक्काम भाचीकडे. तोवर तिच्या संस्थेची धुरा माझ्या स्कंधांवर. संस्था म्हणजे एक गाळा, एक व्हॅन, एक व्हॅनवाला आणि निवृत्त परिचारिका असलेली ताई. एकोणीस वर्षे ती अंथरुणाला खिळलेल्यांना हँडलचे पलंग, एअर बेड, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या विनामूल्य वापरायला देते. काम संपले की वस्तू परत येते. काम दोन प्रकारांनी संपते, असे ती म्हणते.

तिने तिचा फोन माझ्या हाती दिला. म्हणाली, फोन आला की उचलायचा, पत्ता विचारायचा, व्हॅनवाल्याला सांगायचं. बाकी काही करू नकोस रे बाबा, तुझ्या पाया पडते. ऑपरेशनपूर्व मनोदौर्बल्य, दुसरे काय!

गाळेमालकाने मात्र तिला स्पष्ट बजावले आहे: मार्चअखेर पाहणीला येईन, गाळा वापरात असेल तर राहू दे, नाहीतर जावयाला टायर ठेवायला हवाय. आव्हान स्वीकारले. पेंटच्या कंपनीत सव्वीस वर्षे परिपत्रके लिहिलेला आणि सहा आठवड्यांचा डिजिटल ब्रँडिंगचा कोर्स प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला मनुष्य फोन उचलण्यासाठी जन्मलेला नसतो.

७ फेब्रुवारी

ब्रँड ऑडिट. निष्कर्ष हृदयद्रावक. संस्थेला नावच नाही. लोक ‘पलंगवाल्या ताई’ म्हणतात. लोगो नाही. वेबसाइट नाही. आणि प्रत्येक वस्तूवर, पलंगाच्या डोक्याशी, व्हीलचेअरच्या पाठीवर, ताईचा फोन नंबर लाल ऑइलपेंटने हातभर रंगवलेला. व्हॅनवाला म्हणाला, साहेब, पेशंटला बघायला चार माणसं येतात, बसल्याबसल्या नंबर डोक्यात बसतो, उद्या त्यांच्या घरी वेळ आली की फोन करतात. एकोणीस वर्षं असंच चालतंय. मी म्हटले, याला दृश्य प्रदूषण म्हणतात. तो म्हणाला, बरं.

९ फेब्रुवारी

नामकरण: ‘शय्यासौहार्द’. खाली, ‘वेदनेकडून विश्रांतीकडे.’

सौ. म्हणाली, नवराबायकोची भांडणं मिटवणारा दवाखाना वाटतो. तिला म्हटले, संस्कृत शब्दांची गोडी सर्वांनाच कळते असे नाही. तिने शाळेत वीस वर्षे संस्कृत शिकवले आहे, हा मुद्दा गौण.

लोगो स्वतः रेखाटला: रिकामा पलंग, मागे उगवता सूर्य. व्हॅनवाल्याला दाखवला. त्याने विचारले, पेशंट गेला का? चिन्हशास्त्राचे शिक्षण नसले की असे होते.

१४ फेब्रुवारी, दुपारी

फोन हे अत्यंत मागासलेले माध्यम आहे. आज सकाळपासून तेवीस. माणसे रडतात. पत्ता क्रमाने सांगत नाहीत. एक गृहस्थ चार वेळा म्हणाले, ताईंना द्या हो. अशा कोलाहलात व्यूहरचना कशी व्हावी?

उपाय योजला. फोनवर माझ्या आवाजातील ध्वनिमुद्रित संदेश. अवधी एक मिनिट पन्नास सेकंद. प्रथम संस्थेचे ध्येय, मग मूल्ये, शेवटी वेबसाइटचा पत्ता आणि तेथील फॉर्म भरण्याची सविनय विनंती.

लाल नंबरांवर हस्तिदंती रंग मारला. वर लोगोचे स्टिकर. गाळा एकदम युरोपीय दिसू लागला.

१८ फेब्रुवारी

फॉर्म कार्यान्वित. रकाने केवळ चौदा. त्यातील सर्वांत मौलिक: ‘आपल्या गरजेचे वर्णन किमान शंभर शब्दांत करा.’ कोर्समध्ये शिकवले आहे की ब्रँड म्हणजे कथा, आणि कथा गरजवंताच्या मुखातून यावी. शंभराहून कमी शब्द असल्यास ‘आपला अर्ज अपूर्ण आहे’ असे उत्तर आपोआप जाते. मला काहीच करावे लागत नाही. हेच तंत्रज्ञानाचे औदार्य.

२३ फेब्रुवारी

फोन करणारे बहुतेक जण विसाव्या सेकंदाला ठेवतात. इतक्या अल्पावधीत संदेश आत्मसात करणारा श्रोतृवर्ग लाभणे हे भाग्य.

अर्ज नऊ, पैकी आठ अपूर्ण. शब्ददारिद्र्य भयावह. एका बाईंनी लिहिले आहे, ‘एअर बेड पाहिजे. पाठ.’ पाठ! पुढे काही नाही. क्रियापदसुद्धा नाही. नववा अर्ज परिपूर्ण होता, पण तो गाद्यांच्या व्यापाऱ्याचा निघाला.

पाच वस्तू परत आल्या. नवे काही गेले नाही. भांडार समृद्ध होत आहे.

२८ फेब्रुवारी

धडा सोळावा पुन्हा वाचला: दुर्लभता. जे सहज मिळते त्याला मोल नसते. प्रतीक्षायादी ही प्रतिष्ठेची पहिली पायरी. म्हणजे नकळत मी योग्य मार्गावरच आहे! निर्णय: सध्याचा काळ ‘सॉफ्ट लाँच’ म्हणून घोषित. सर्व वाटप २८ मार्चच्या भव्य शुभारंभापर्यंत स्थगित. त्या दिवशी एका सुयोग्य रुग्णास पहिली वस्तू, छायाचित्रे, व्हिडिओ, पहिली यशोगाथा. तोवर यादी वाढू द्यावी.

व्हॅनवाल्याने हिशेब मांडला: साहेब, पंधरा पलंग इथं, सत्तावीस माणसं तिथं, गाडी खाली उभी आहे. मी म्हटले, मागणी पिकू द्यावी लागते. तो म्हणाला, माणसं पिकत नाहीत साहेब, सडतात. भाषा फार ग्राम्य. परंतु उपयोगी मनुष्य, म्हणून दुर्लक्ष केले.

५ मार्च

पेजला फॉलोअर तीनशे चाळीस. जाहिरात बावीस ते पस्तीस वयोगटाला दाखवतो आहे. तारुण्य हे ब्रँडला तजेला देते. तारुण्याला कमोडची खुर्ची लागत नाही, असे सौ. म्हणाली. दूरदृष्टीचा अभाव.

‘पाठ’वाल्या बाईंचा दुसरा अर्ज. ‘नवऱ्यासाठी एअर बेड पाहिजे. पाठीला जखमा झाल्या आहेत. फोनवर कुणी बोलत नाही.’ प्रगती निःसंशय. तीन वाक्ये, तिन्हींत क्रियापद. तथापि शब्द शंभराहून पुष्कळच कमी. यंत्रणेने नियमानुसार परत पाठवला.

ताईने भाचीच्या फोनवरून विचारले, सगळं ठीक ना? मी सांगितले, एकेचाळीस कुटुंबे आपल्या संपर्कात आहेत. अक्षरशः सत्य. ती म्हणाली, मी तुला उगीच नावं ठेवत होते रे. डोळे पाणावले. माझे.

१० मार्च, सकाळी ११

व्हॅनवाल्याशी अप्रिय प्रसंग. त्याने अर्जांतून ‘पाठ’वाल्या बाईंचा पत्ता उतरवून घेतला होता आणि कुणाला न सांगता एअर बेड पोचवण्याचा त्याचा मानस होता. मी वेळीच पोचलो. म्हटले, शुभारंभापूर्वी एक जरी वस्तू बाहेर गेली तर पहिली यशोगाथा पहिली राहणार नाही. तो म्हणाला, शेजारच्या गल्लीत तर घर आहे, पाच मिनिटांत टाकून येतो, तुमचा फोटो नंतर काढा की. गाळ्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. तो जाताना म्हणाला, ताई येईपर्यंत मी फर्निचरच्या दुकानात जातो कामाला, तिथं निदान पलंग घरी पोचतात.

गुणी माणसे बदलाला भितात. त्यावरही कोर्समध्ये एक धडा होता.

१३ मार्च

युरेका! ‘पाठ’वाल्या बाईंचा तिसरा अर्ज. यंत्रणेने स्वीकारला! उतरवून ठेवतो, असे गद्य नित्य जन्माला येत नाही:

‘नवरा, वय बासष्ट. नऊ आठवडे पाठीवर आहेत. मी दर दोन तासांनी कूस बदलते, पण माझा खांदा दुखावल्यापासून एकटीने नीट जमत नाही. जखम आधी रुपयाएवढी होती, आता तळहाताएवढी आहे. ते ओरडत नाहीत, फक्त माझ्याकडे बघतात. नर्सबाई म्हणाल्या एअर बेड मिळाला तर बरं. शंभर शब्द व्हायला हवेत म्हणून लिहिते की आमचा तिसरा मजला आहे. जिना रुंद आहे, सामान सहज वर येतं. दाराचा रंग निळा आहे. मी स्वतः खाली येऊन फाटक उघडीन. तुम्ही सांगाल ती वेळ चालेल, मी घरीच असते. बेड झाल्यावर धुऊन, पुसून परत देईन. घरात लहान मूल नाही, मांजर नाही, त्यामुळे तो फाटणार नाही. आता शब्द किती झाले ते मला कळत नाही. कमी असतील तर कृपया सांगा, अजून लिहीन.’

विलक्षण! विशेषतः निळा दरवाजा. तपशिलाची ही जाण शिकवून येत नाही. पहिली यशोगाथा निश्चित. त्यांना ईमेल धाडली: ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे. शनिवार, २८ मार्च, सकाळी ११. कृपया फिकट रंगाचे कपडे परिधान करावेत.’

१५ मार्च

बाईंचे निवेदन पेजवर टाकले. शीर्षक माझे: ‘एका निळ्या दारामागे...’ चार तासांत तीनशे बारा लाइक, सत्तेचाळीस जोडलेले हात, एकोणीस रडके चेहरे. एकाने विचारले, कादंबरी येणार आहे का? पेजच्या इतिहासातील सर्वोच्च पोच. बाईंचे उत्तर अद्याप नाही. भारावल्या असाव्यात.

२० मार्च

बावन्नपैकी सत्तेचाळीस वस्तू परत आल्या. गाळा शिगोशीग. पलंग उंचीनुसार लावले, व्हीलचेअर अर्धवर्तुळात, एअर बेड गुंडाळून मनोऱ्यासारखे रचले. फोटो काढले. एकही माणूस मध्ये न आल्याने फ्रेम अतिशय स्वच्छ. गाळेमालक पाहून थक्क होईल.

२४ मार्च, दुपारी १

गाळेमालक थक्क झाला.

दारातच म्हणाला, वा, शोरूमच की. मग आत फिरला. एका पलंगावरून बोट फिरवून धूळ पाहिली. म्हणाला, एवढा माल पडून आहे म्हणजे कुणाला नकोय. मी विनयाने प्रतीक्षायादी पुढे केली: त्रेसष्ट नावे! त्याने यादी पाहिली, पलंग पाहिले, मला पाहिले. म्हणाला, म्हणजे पलंग इकडं, आजारी माणसं तिकडं आणि मधे तुम्ही. माझी आईपण होती हो ह्यांच्यातल्याच एका पलंगावर. मी म्हटले, तो अनुभव आपण व्हिडिओसाठी सांगाल का? तो बाहेर जाऊन फोनवर जावयाशी बोलू लागला.

दहा एप्रिलपर्यंत गाळा रिकामा करायचा आहे.

स्थानांतर ही पुनर्ब्रँडिंगची सुवर्णसंधी असते.

२५ मार्च

ताई तीन दिवस आधीच आली. गाळेमालकाने थेट तिला कळवले होते. काठी टेकत आत आली, भिंतीपर्यंत रचलेले पलंग पाहून दारातच थांबली. विचारले, एवढे सगळे गेले? तिला वाटले, सत्तेचाळीसही पेशंट वारले. मी घाईने खुलासा केला की तसे नाही; परत आले ते आले, मग मी कुणाला दिलेच नाहीत.

मला वाटले होते, तिला हायसे वाटेल.

तिने फोन मागितला. माझा ध्वनिमुद्रित संदेश पूर्ण ऐकला, एक मिनिट पन्नास सेकंद. असे करणारी ती पहिलीच. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्रेसष्ट अर्ज वाचले. दीड वाजला. मी दोनदा चहा विचारला. निळ्या दाराचा अर्ज तिने दोनदा वाचला आणि विचारले, हे तू लोकांना वाचायला दिलंस? मी लाइकचा आकडा सांगितला.

तिने व्हॅनवाल्याचा पाठ असलेला नंबर फिरवला. तो अर्ध्या तासात आला. माझ्याकडे न बघता पलंग उतरवू लागला. ताईने यादी आणि फोन माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, तू त्यांना लिहायला लावलंस, आता तू ऐक. एकेकाला फोन कर. वरपासून खालपर्यंत.

२७ मार्च

दोन दिवसांत त्रेसष्ट फोन. मी केले.

चोवीस जणांना अजून हवे आहे. व्हॅनच्या कालपासून अकरा खेपा झाल्या. चौदा जणांनी दुसरीकडून सोय केली. सहा जणांनी उचलला नाही. एकाने शिव्या दिल्या, पूर्ण ऐकल्या. अठरा जण म्हणाले, आता गरज नाही. त्यांतल्या काहींना मी ‘का?’ असे विचारले. पहिल्या तिघांनंतर विचारले नाही.

निळ्या दाराच्या बाईंना सर्वांत शेवटी केला. यादीत त्या वर होत्या.

मी नाव सांगितले, संस्था सांगितली. त्यांना कळेना. मग म्हणालो, पलंगवाल्या ताईंकडून बोलतोय. त्या म्हणाल्या, हां हां, ताई बऱ्या आहेत का? मी म्हणालो, एअर बेड आज पाठवतो. त्या म्हणाल्या, नको, सोळा तारखेला गेले ते. म्हणजे पेजवर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांची नणंद भेटायला आली होती, तिने मोबाइलवर दाखवले म्हणे. बाई म्हणाल्या, मी लिहिलेलं पुष्कळ लोकांना आवडलं म्हणत होती.

माझ्यापुढे कागदावर उद्याच्या कार्यक्रमाचे प्रास्ताविक होते, त्यातले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते.

त्याच म्हणाल्या, बरं झालं फोन केलात. डायपरची दोन पाकिटं न उघडलेली पडली आहेत. जखमेवरच्या पट्ट्या आहेत, मलम आहे, अर्धं. तुमच्याकडे कुणाला लागेल का? फेकवत नाही.

लागेल, म्हणालो.

त्या म्हणाल्या, मग न्यायला या. उद्या अकराला या, मी घरीच असते.