दादांच्या कलमांत पुरलेली अंडी

६ मार्च
शिमगा. पालखी वाडीत घरोघरी थांबली. माझ्या दारात नाही. रांगोळी घातली होती, ओटी तयार. पुढे थोरले दीर, दादा. म्हणाले, "पुढे चला. ही आयर्लंडात जाऊन क्रिस्तांव झाली." सात वर्षं तिकडे नर्स होते, एवढंच. हे असते तर कुणाची हिंमत नव्हती. सगळ्यांनी ऐकलं. पालखी पुढे गेली.
सोडणार नाही.

१० मार्च
नोराबाई आठवली. तिकडे जिची सेवा केली ती म्हातारी. वर्षाचे सगळे सण तिच्याकडून कळले. फेब्रु.च्या पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री बाहेर चिंधी टांगायची, ती मग डोकं दुखलं की डोक्याला बांधायची. ऑक्टो. अखेर मेलेल्यांसाठी ताट, आपल्या पितृपक्षासारखं. आणि १ मे. त्या पहाटे वैऱ्याच्या रानात अंडी पुरली की त्याची बरकत आपल्याकडे. मी हसायचे तेव्हा.

१ मे
पुरली. तांबडं फुटताना, दादांच्या कलमांत, विहिरीकडच्या हापूसखाली. चार, गावठी. शेजारीण विरजण मागायला आली. "आज नाही गो." नोराबाई या दिवशी घरातलं दूधदही कुणाला देत नसे.

९ मे
कुत्र्यांनी उकरली. गड्याने दादांना दाखवली. वाडीभर एकच, करणी! गुरवाने कौल लावला, देव उजवा, शुभ कौल देईना. दादांची झोप उडाली म्हणे.
आज मी पोटभर जेवले.

१४ मे
जाऊबाई आल्या. शिमग्यानंतर प्रथमच.
"ह्यांचं बीपी दोनशेवर गेलंय गो. डॉक्टरांच्या गोळ्या घेत नाहीत. म्हणतात, करणी औषधाने जात नाही. तू तरी सांग."
"क्रिस्तांवाचं ऐकतील?"
रडल्या. त्यांचं वाईट वाटलं. त्यांचंच.

१५ मे
त्यांच्याकडे गेले मी. दादा खाटेवर, चेहरा सुजलेला. मलाच विचारतात, "तिकडे याला उतारा असतो काय?"
"असतो. वाडीदेखत माझ्या दारात या. खोटं बोललो म्हणा."
भिंतीकडे वळले. म्हणाले, "शिमग्याला बघू."
"शिमगा लांब आहे, दादा."
जाऊबाई गोळी आणि पाणी घेऊन उभ्या. दादांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी 'घ्या' म्हटलं असतं तर घेतली असती. कळत होतं मला. चपला घातल्या आणि आले.
चार वाजले. त्यांच्याकडून अजून कुणी आलेलं नाही.