एकशे ऐंशी अंशांची थंडी

४ जानेवारी, शनिवार

ओव्हन खोटं बोलतो! आकडा दाखवतो १८०, आणि आत हात धरला तर सुट्टीतल्या वर्गासारखं गार.

माझी बायको रुक्मा आकड्याकडे बघायचीच नाही. ओव्हनच्या तोंडात हात धरायची आणि मला सांगायची, "म्हणा." मी चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता सुरू करायचो. पहिलं कडवं संपता संपता तिनं हात मागे घेतला, की नानखटाईचा ट्रे आत. हात त्याहून जास्त टिकला, तर आच अजून कमी आहे. आमचं मोजमाप हेच. ती गेल्याला वर्ष होईल आता.

आज दोन्ही कामं मीच केली. पाचही कडवी म्हणून झाली — हात आतच!

म्हणून आच वाढवली. वाढवतच गेलो. नानखटाया कोळसा.

५ जानेवारी

धुळ्याहून प्रज्ञाचा फोन. शेजारच्या झुंबरबाईंनी धुराचं कळवलं वाटतं. "नाना, ओव्हन बिघडला असेल तर ठीक. पण तुमचंच चुकत असेल, तर अमळनेरचं घर बंद. माझ्याकडे यायचं. वाद नको." माझीच मुलगी, आणि माझीच हेडमास्तरीण!

हे घर सोडून मी कुठं जाऊ? बिघाड ओव्हनचाच आहे. दाखवून देतो.

७ जानेवारी

मेकॅनिक आला, रमीज. मागचा पत्रा काढला. बोटाएवढी सळई, तिला दोन वायरी — हाच म्हणे तापमानाचा सेन्सर. मीटर लावला. "नाना, सेन्सर चांगला शे."

"दुसरा टाक."

"मग बठ्ठा, अख्खा ओव्हनच नवा घ्या ना!" हसला. पण टाकला.

पुन्हा तेच. आकडा १८०, आत गारठा.

८ जानेवारी

आज शेवटचं कडवं म्हणताना वाटलं, आत कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय.

९ जानेवारी

रमीजला परत बोलावलं. त्यानं सळई उकळत्या पाण्यात धरली — ९८. बर्फात — १. "खरं बोलतो हा, नाना." मग ओव्हन १८० वर लावला. "तुम्ही म्हणा कविता, मी हात धरतो."

दुसऱ्या ओळीलाच "या अल्ला!" म्हणून हात झटकला. धावत नळाखाली.

त्याच्यामागून मी माझा हात घातला. सावकाश, पाचही कडवी म्हटली. रमीजचं हसू गेलं.

"नाना, काढा हात. केस जळाल्याचा वास येतोय."

"तुझ्या वायरीचा असेल."

चहा न घेताच गेला. पानाही इथेच विसरला.

म्हणजे ओव्हन सगळ्यांसाठी तापतो. गार फक्त माझ्यासाठी.

संध्याकाळभर विचार केला आणि एकदम उमगलं! जन्मभर बिचाऱ्या रुक्माला पहिल्याच कडव्याला हात काढावा लागला. हात निघाला, की मीही थांबायचो. पुढची चार कडवी तिनं ऐकलीच कुठं? आता ती आत गारवा धरून बसली आहे. मला थांबू देत नाही.

१० जानेवारी

दोनदा म्हणून दाखवली. आज थोडं आतपर्यंत हात नेला. तिच्या जवळ.

११ जानेवारी

प्रज्ञाचा फोन. रमीजनं तिला काय सांगितलं कोण जाणे. आवाज बारीक झाला होता. "नाना, ओव्हनचं बटण बंद करा. आत्ता. मी उद्या येते."

बंद केलं. ती येतेय ते बरंच. सगळं सांगेन — आई कुठं आहे ते.

१२ जानेवारी, रविवार

प्रज्ञा पहिल्या एसटीनं आली. ओव्हनकडे गेलीच नाही. पलंगावर माझ्याशेजारी बसली. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती रडायला लागली.

"काय झालं ग?"

"नाना, मी मघापासून तुमचा हात दाबतेय."

खाली पाहिलं. दाबत होती. दोन्ही हातांनी, घट्ट.

घराची किल्ली मीच तिला दिली.