काळीनं खाणं सोडलं

१२ एप्रिल
माकणी. धरणाचं पाणी मागं हटलंय, चारा लांब गेलाय. शेवंतामावशींच्या शेळ्या दिवसभर चालून येतात, भरडा हुंगतात न् बसून राहतात. माझ्या पीएच.डी.चा प्रश्न तोच: दमल्यावर भूक का मरते? पळून दमलेल्या उंदरांच्या रक्तात लॅक्टेट आणि फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल जुळून जे बनतं, ते भूक मारतं. शेळीत? माहीत नाही. म्हणून अर्ध्या शेळ्या लांब चरायला, अर्ध्या गोठ्यात. संध्याकाळी रक्ताचे नमुने.
मीपण घरी येऊन न जेवता आडवी झाले.

१५ एप्रिल
काल जयंती, मावशींच्या वस्तीत मिरवणूक. काम बंद. आज काळीनं भरड्याला तोंडच लावलं नाही. ती लांबच्या गटात. थंडीत प्रयोग सुरू केला तेव्हा गाभण आहे हे कळलं नव्हतं. आता दिवस भरत आलेत, पोटात बहुतेक दोन. अशा शेळीनं खाणं सोडलं की जिवावर बेततं.
गाइड सरांना फोन. "एवढ्यात गटातून काढू नकोस. तिचेच आकडे सगळ्यात ठळक आहेत." खरंय ते.
मावशींनी एवढंच विचारलं, "मॅडम, उद्याबी न्यायची का हिला?"
"बघू" म्हणाले. बघू काय...

१६ एप्रिल
नाही नेली. गटातून काढली. सरांना मेसेज टाकला. काळीच्या तोंडाला गोडसर वास, म्हणजे कीटोसिस, गाभण शेळीला उपाशी राहून होतो तो. ग्लुकोज लावलं, गूळपाणी पाजलं. भूक चालण्यानं गेली की या आजारानं, आता कुणी सांगायचं?
मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन. "हिची आय मेली तवा बाटलीनं पाजून वाढिवली वो."

१८ एप्रिल
दुपारी व्याली. एक करडू मेलेलं, एक पाट, म्हणजे मादी, जिवंत. मेलेलं मावशींनी पोत्यात गुंडाळून नेलं. परत आल्या, हात धुतले.
"माझं काय चुकलं का वो मॅडम?"
हे मी विचारायचं होतं.
"न्हाय मावशी."

२० एप्रिल
सरांचा मेसेज: "भेटल्यावर बोलू." कधी, कशाबद्दल, काही नाही. विचारायचं त्राणही नाही.
लोहाऱ्याहून जीपनं माकणी. पाट पिते. काळी बसूनच. मावशींनी शेवरीची डहाळी पुढं धरली. हुंगली. एक पान ओढलं. मग थांबली, पान ओठांत तसंच.
"खा गं माय," मावशी म्हणाल्या.
आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत बसलो.