दानिएलसाठी मलिदा

१ फेब्रु., रवि.
सकाळी इस्राएलहून, अश्दोदहून वहिनीचा फोन. दानिएलने लढाईवर परत जायला नकार दिला. लष्करी तुरुंगात वीस दिवस काढून परवा सुटला. दादा त्याच्याशी बोलत नाही. ‘घरात येऊ नकोस’ म्हणाला म्हणे. माझा सख्खा भाऊ, एकुलत्या पोराला असं...
मी आधी एवढंच विचारलं, हातपाय धड आहेत ना? आहेत. देवाची कृपा.

३ फेब्रु.
दानिएल स्वतः बोलला. मराठी तुटकं, पण ‘आत्या’ अजून छान म्हणतो. गाझात त्याची तुकडी एका रिकाम्या घरात शिरली होती. ओट्यावर परातीत पीठ मळून ठेवलेलं, वाळून दगड झालेलं. ‘आत्या, मग मला पुढे जाता येईना.’
चौतीस वर्षं नर्स होते. कोणाचं पोर आहे ते विचारून पट्टी बांधली नाही कधी.
तो सुखरूप सुटला, मलिदा करायचाच. आभार मानायची आमची हीच रीत.

५ फेब्रु.
सॅम्युएलकाकांकडे गेले. नाशिकमध्ये आम्हा बेने इस्राएल ज्यूंची मोजकी घरं, प्रार्थना म्हणायला काकाच. त्यांची लेक गाझाच्या हद्दीजवळ राहते.
‘रॉकेटचा भोंगा वाजला की माझी नात जिन्याखाली पळते. आणि हा म्हणतो, जात नाही.’
म्हटलं, काका, तोही तिथेच राहतो. आणि गाझातल्या पोरांना तर जिनासुद्धा...
‘ते इथे बोलू नकोस.’
अर्धा चहा टाकून उठले. घरी आले तर शेजारचे कुलकर्णी, ‘तुमच्या लोकांनी बरी अद्दल घडवली हो.’ म्हटलं, माझ्या लोकांत माझा भाचाही धरा. त्यांना कळलं नाही.

८ फेब्रु.
आमच्यातल्याच दोघींचे फोन. मलिदा कर, पण कारण सांगू नकोस, बाहेर गेलं तर? मन होईना. कारण लपवून आभार कसले मानायचे?
प्रार्थनेला येणार की नाही, काकांचं काहीच कळवणं नाही.

१५ फेब्रु., रवि.
झाला मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, ताट मांडून बसले होते. सहाला काका दारात, काखेत प्रार्थनेचं पुस्तक.
सगळ्यांसमोर कारण सांगितलं. गाझातल्या लेकरांसाठीही देवाकडे मागणार, तेही सांगितलं. एक जण उठले, ‘हे इथे नको.’
काका चष्मा पुसत म्हणाले, ‘तिचं मलाही पटत नाही. पण तिला गप्प बसवून मी प्रार्थना म्हणणार नाही. बसा.’
ते बसले. एक बाई मात्र न खाताच गेल्या. वाईट वाटलं.
निघताना काका, ‘पटलेलं नाही हं.’
‘माहीत आहे, काका.’
डबा नेला. या माणसाचे उपकार कसे फेडू.

१७ फेब्रु.
दुपारी दादाचा फोन. महिन्याभराने.
‘काका आले होते?’
‘आले होते.’
‘त्याचं नाव घेतलं?’
‘घेतलं. आपल्यात बापाच्या नावासकट घेतात ना. तुझंही घेतलं.’
फोन चालू होता, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.
मग, ‘कुठे राहतो तो आता?’
मित्राकडे, म्हटलं. पत्ता देऊ?
‘बघतो,’ म्हणाला.