अंगठ्यानं काढलेली नदी

गुरुजी, तुम्ही मला मारलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझं असं होतं की लिहायला बसलो की मध्येच उठतो. नळ बंद आहे का बघतो, गॅसचं बटण बघतो, दाराची कडी बघतो, आणि परत येईपर्यंत सांगायचं ते राहून जातं. साठ वर्षं हे असंच राहिलं. बापाला, बायकोला, मुलाला, सगळ्यांना मी एकच सांगत आलो की मास्तरनं मारलं म्हणून सहावीत शाळा सोडली. बायको गेली ती तुम्हाला मारकुटे समजूनच गेली. आणि परवा मंगळवारी तेच मी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पोरांपुढं बोललो.

मी शाळेत कशाला गेलो, असं तुम्ही विचाराल. शाळेत आता एक बाई आहेत, माझ्या सुनेच्या वयाच्या. बेंदराला मी मातीचे बैल करतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं. खरं तर आता सगळे बाजारातले रंगवलेले बैल आणतात, माझे दोन-चार घरी जातात, उरलेले कोनाड्यात राहतात. बाई येऊन ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "आबा, पोरांना नद्या पाठ आहेत. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, हे घडाघडा सांगतात. पण खाली कुठं जाते विचारलं की खिडकीबाहेर बघतात. मोबाइलवर दाखवलं, तर पुढचं लावा म्हणतात. तुम्ही मातीत करून द्याल का?" मी नको म्हणालो. गुडघे दुखतात, शिक्षण अर्धवट, आणि पाटण कऱ्हाडच्या भलत्याच बाजूला पडलं तर पोरं जन्मभर चुकीचं शिकतील. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. पण गेलो. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस मला कुणी कुठं बोलावत नाही, गुरुजी.

गेल्यावर हात आपोआप चालायला लागले. काळी माती वाळली की तडकते, म्हणून ओढ्याचा पोयटा, म्हणजे मऊ गाळ, आणायचा, चाळायचा, त्यात शेण आणि भाताचा तूस कालवायचा. हे मला कुणी शिकवलं ते पोरांनी विचारलं, तेव्हा मी बापाचं नाव सांगितलं. तुमचं नाही सांगितलं. जुन्या दाराच्या फळीला कडेनं पट्ट्या मारल्या आणि सातारा, सांगली एका फळीवर बसवले. बाईंनी वर्गाचे गट पाडले. एका गटाकडं महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगर, एकाकडं कोयनेचं खोरं, एकाकडं कृष्णाकाठ, आणि चार मुलींकडं आपलं कवठे महांकाळ. त्यातली एक म्हणाली, "आमच्याकडं करायला कायच न्हाई, आबा. नुसतं सपाट थापायचं."

तुमच्या वर्गात मीही असंच म्हणालो होतो. तुम्ही वाईचे, बोलणं स्वच्छ, धोतर पांढरं. दिवाळीची सुट्टी संपवून आलात तेव्हा एस.टी.च्या टपावरून तुमची पत्र्याची ट्रंक उतरवली आणि ती चौघांना उचलेना. आत नदीचा गाळ होता. गावात हसू झालं. पारावरचा म्हातारा म्हणाला, "वाईकर मास्तर, आमच्याकडं पाणी न्हाई खरं, पण माती हाय की." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हिच्यावरून कृष्णा गेलेली आहे. ही वाट विसरायची नाही." त्या गाळाचा तुम्ही व्हरांड्यात फळीवर नकाशा केला. गावांच्या जागी जोंधळ्याचे दाणे रोवले. आपल्या गावाचा दाणा मी रोवला. मग तुमचा तो नियम. पाणी सोडायच्या आधी प्रत्येकानं पाटीवर लिहायचं की या डोंगरावर पडलेला थेंब कुठं जाईल. आधी अंदाज, मग पाणी. आणि चुकलेला अंदाज पुसायचा नाही. त्याच्याखाली बरोबर लिहायचं. एका पोरानं गुपचूप थुंकी लावून पुसलं, तर तुम्ही म्हणालात, "पुसलंस तर तू कुठून निघालास ते तुला कसं कळणार?" मी तो नियम परवा बाईंना सांगितला. त्यांनी पोरांचे अंदाज कागदावर लिहून घेतले आणि व्हरांड्यात दोरीला टांगले. हा नियम मात्र माझ्या बापाचा आहे असं सांगायला जीभ वळली नाही.

त्या काळी आमच्या घरात एका घागरीत पाच माणसं भागवायची. आई पहाटे विहिरीवर जायची आणि भांडून यायची. तुम्ही रोज महाबळेश्वरला तांब्यानं धार सोडत होता आणि ती वाई, कऱ्हाड, सांगली करत खाली निघून जायची. आपला दाणा कोरडा. मला ते बघवेना. तपासणीला साहेब येणार त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आलो, माती जरा ओलीच होती, आणि सांगलीच्या अलीकडून आपल्या दाण्यापर्यंत अंगठ्यानं एक चर ओढला. चर नीट उतरावा म्हणून मधला चढ तळहातानं दाबला. तुम्ही साहेबांपुढं पाणी सोडलंत. पाणी कऱ्हाडपर्यंत शहाण्यासारखं आलं, मग वळलं आणि थेट आपल्या गावात शिरलं. पोरं ओरडली. साहेब चष्मा काढून म्हणाले, "मास्तर, कृष्णा दुष्काळी भागात कधीपासून जायला लागली? आम्हाला कळवायचं तरी." तुम्ही खाली वाकून बघितलंत. अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता. मग तुम्ही माझ्या नखांकडं बघितलंत. आणि साहेबांना म्हणालात, "माती ओली राहिली. चूक माझी आहे."

सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणालात, "नकाशा आपल्या मनासारखा करायचा नसतो रे. आहे तसा करायचा, म्हणजे पुढं काय करायला हवं ते कळतं. उद्या लवकर ये. दोघं मिळून नीट करू."

दुसऱ्या दिवशी मी घरी बसलो. बाप म्हणाला, "साळंला का न्हाई गेलास?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तरनं मारलं." बाप तडक शाळेत गेला आणि दारात उभा राहून नको नको ते बोलला. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून आमच्या घरी आलात. आई म्हणाली, "बसा की, गुरुजी," पण तुम्ही बसला नाहीत. बापासमोर मला विचारलंत, "मी मारलं का रे तुला?" मी मान हलवली. होय म्हणून. तुम्ही "बरं" म्हणालात. सायकलचं स्टॅण्ड काढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. उन्हाळ्यानंतर तुमची बदली पाटणकडं झाली. ती नेहमीची बदली होती की माझ्यामुळं, हे मी पुष्कळदा घोळवतो. विचारायला कुणी राहिलेलं नाही. तुम्ही वारल्याचं मला दोन वर्षांनी, तेही एस.टी.त कळलं.

तर मंगळवारी पोरांनी पाणी सोडलं. ते सांगलीवरून खाली निघून गेलं, आपल्या गावाचा जोंधळ्याचा दाणा याही फळीवर कोरडाच. मघाची ती 'सपाट थापायचं' म्हणणारी मुलगी म्हणाली, "आबा, हे चुकलंय. आमच्या रानात कृष्णेचं पाणी येतंय. मोटारीनं वर चढवत्यात." आणि दुपारच्या सुट्टीत चौघी जाऊन जनावरांच्या डॉक्टरकडून सलाईनची नळी आणि बिनसुईची मोठी सिरिंज घेऊन आल्या. नदीत नळी टाकली, दट्ट्या ओढला, ढकलला, आणि पाणी चढावरनं दाण्यापाशी येऊन सांडलं. चढ कुणी दाबला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्या भरात मी बोलून गेलो, "आमच्या वर्गातल्या एका पोरानं हेच अंगठ्यानं केलं हुतं." पोरं हसली. "मग मास्तरनं काय केलं त्याला?" मला सवयीचं तेवढंच येत होतं. "फोडला," म्हणालो. "त्यानं साळाच सोडली." बाई म्हणाल्या, "पूर्वीचे मास्तर तसेच असायचे, मुलांनो." एका वाक्यात तुम्ही सगळ्या मारकुट्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलात.

आज सकाळी सिरिंज गळते म्हणून बाईंनी बोलावलं. भिंतीवर पोरांचे कागद लावले होते, 'आम्ही काय शिकलो.' नळीचं चित्र होतं, नद्या होत्या, आणि खाली ठळक अक्षरात, 'आबांच्या गुरुजींनी मुलाला मारले, म्हणून त्याने शाळा सोडली.' तुमचं एवढंच उरलं होतं, तेही माझ्या तोंडून. बाईंनी खुर्ची दिली. मी बसूनच बोललो. ते पोरगं मी होतो, गुरुजींनी मला बोटसुद्धा लावलं नव्हतं, मी खोटं सांगितलं, परवाही आणि तेव्हाही. मागचा एक पोरगा म्हणाला, "मग त्ये खोडू का, आबा?" मी म्हणालो, "खोडू नका. त्याच्याखाली खरं लिहा."

त्यांनी लिहिलं. फार वेळ लागला नाही, एकच ओळ होती. पण माझी ती कवठे महांकाळच्या गटातली मुलगी पेन तोंडात धरून बघत राहिली. "मारलं न्हाई, तर मग साळा का सोडली?" लाज वाटली, असं म्हणालो. तर म्हणते, "आवं, मग दुसऱ्या दिवशी जायचं की." सिरिंजला दोरा गुंडाळून दिला आणि घरी आलो.

त्या पोरीला एक सांगायचं राहिलं, गुरुजी. मी घरी बसलो असं सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही वर तसंच लिहिलं आहे, ते खोडत नाही. दुसऱ्या दिवशी मी आलो होतो. बांधावरच्या बाभळीपर्यंत आलो. तुम्ही व्हरांड्यात फळीशी एकटेच बसला होता, बाह्या वर केलेल्या. माती कालवून तिचे दोन गोळे करून ठेवले होते. एक तुमच्यापुढं, आणि एक पलीकडच्या बाजूला, ओल्या फडक्यानं झाकलेला. तुम्ही दोनदा रस्त्याकडं बघितलंत. मी बाभळीमागंच उभा होतो.