आजोबांच्या घड्याळाची तबकडी

ल लोक्ल, स्वित्झर्लंड, शुक्रवार

ओरियानबाईसाहेब,

काल लिलाववाल्याने तुझ्या आजोबांचं मनगटी घड्याळ पाहून विचारलं, "मूळ तबकडी काढणारा खाटीक कोण? आता याला अर्धीही किंमत येणार नाही." तुझ्या वडिलांनी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "घड्याळाचं कॉलेज अर्धवट सोडलंय त्याने. आणखी काय होणार?"

वा! आणि जानेवारीत माझ्या गळ्यात पडून "तिबो, ही डागाळलेली तबकडी बघवत नाही रे, पांढरीशुभ्र बसव ना," असं कोण म्हणत होतं? त्या डागामुळेच जुन्या घड्याळाला किंमत आहे, हे मी सांगितलं होतं. आमच्या दुकानाचे जाको मास्तर तर ओरडले होते, "गाढवा, यंत्र साफ कर, तेल घाल, पण चेहऱ्याला हात लावू नकोस!" मी मास्तरांचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. तू हसलीस की माझी अक्कल गहाण पडते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी काल तुझ्या वडिलांसमोर मी दोष स्वतःवर घेतला.

काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही आमची रीत. तू म्हणालीस, "फेकून दे." मी ती तबकडी कागदात गुंडाळून खणात ठेवली, कारण तुझी म्हणावी अशी तेवढीच वस्तू माझ्याकडे होती.

उद्या ती तुझ्या वडिलांच्या नावे पोस्टात टाकतोय. सोबत एकच ओळ: 'मूळ तबकडी. कोणीही घड्याळजी बसवून देईल.'

हे पत्र मात्र खणातल्या तबकडीच्या रिकाम्या जागी राहील.

आता तुझा नसलेला,
खाटीक तिबो