बत्तीसच्या घरात न मावलेली मंगळागौर

देवास, श्रावण

प्रिय मालू,

अक्षर पाहून हसशील. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी इंग्रजीला वळण दिलं, पण मराठी तुझ्या आईनं धारच्या ओट्यावर बसवून गिरवून घेतली, तेवढ्या पुंजीवर लिहिते आहे. आमचा प्रिंटर कायमचा बंद पडला, आणि त्याच आनंदात हे पत्र! आनंद कसला, ते फोनवर सांगितलं असतं. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाईलवर माझ्या पानभर मजकुराला नुसता अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी किती बोलायचं गं?

शंतनूचं लग्न झालं तेव्हा तू आली नाहीस. सून रुचा गोड आहे. इथेच हिंदी शाळेत शिकली, त्यामुळे मराठी वाचताना अडखळते, आणि मंगळागौरीचं गाणं एकही येत नाही. म्हणून मला माझ्या मंगळागौरीची व्हिडिओ कॅसेट आठवली. धारला तुम्ही सगळ्या रात्रभर खेळलात आणि तू गात होतीस, ती. इंदूरहून ती कॉम्प्युटरसाठी उतरवून आणली. केवढी मोठी फाइल! खरखर काढायला घेतली की आमचा कॉम्प्युटर अर्ध्यावर मान टाकायचा. ह्यांनी मेमरी वाढवली. आठ जीबी घातली, पण तो तीनाच्या वर मोजेचना. मग मी फाइलचे तुकडे केले. तिथेच सगळं बिघडलं. तू कधी थांबायचीसच नाहीस ना! झिम्म्याची शेवटची टाळी पडायच्या आत फुगडीचा सूर धरायचीस. कुठेही कापलं तरी तुझा श्वास कापला जायचा. दोनदा रडले मी.

शेवटी रुचा येऊन बसली. खटाखट काहीतरी उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “आई, मशीनची काही गलती नाही. ही चौसष्ट बिटची आहे, वर सिस्टम कुणी बत्तीसची डाली?” ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. चौसष्टच्या सिस्टमवर त्यांचा लाडका जुना प्रिंटर चालत नाही म्हणून दुकानदाराकडून बत्तीसची घालून घेतली होती! रुचा मला म्हणाली, आई, पत्ता लिहायला चौकटी कमी असल्या तर पोस्टमन पुढच्या घरांपर्यंत पोचणार कसा? मेमरीतल्या प्रत्येक खोलीलाही पत्ता लागतो; बत्तीस चौकटींत जेवढे पत्ते मावतात, तेवढ्याच खोल्या उघडतात. बाकीच्या असूनही कुलूपबंद. चौसष्ट झाल्या की सगळं घर मोकळं. मी म्हटलं, मग उघड. हे पेपराआडून म्हणाले, “आणि माझा प्रिंटर?” रुचा म्हणाली, “बाबा, त्याला आता रिटायर होऊ द्या, तुम्हीही झालात की!” त्यांना हसावंच लागलं, आणि रुचानं चौसष्टची सिस्टम घातली.

आणि काय सांगू मालू! तोच कॉम्प्युटर, तोच पडदा, पण अख्खी रात्र एका वेळी आत मावली. खरखर गेली, बांगड्यासुद्धा वेगवेगळ्या वाजू लागल्या. झिम्मा, फुगडी, पिंगा, एकातून एक, तुझा आवाज कुठेही न तुटता. रुचा उठून हॉलमध्ये एकटीच पिंगा घालायला लागली, आणि हे टाळ्या देत होते, बेताल.

आता खरं कारण. बत्तीसवर कॉम्प्युटर शेवटापर्यंत कधी पोचलाच नव्हता, आणि शेवटी काय आहे ते मीही विसरले होते. पहाट झालेली, सगळ्या दमून भिंतीला टेकलेल्या, आणि तू केस सावरत कॅमेऱ्यात बघून म्हणतेस, “शशे, लिहून ठेव, तुझ्या सुनेची मंगळागौरसुद्धा मीच जागवणार!” रुचानं ते तीनदा लावलं आणि मला विचारलं, “आई, या मावशी कधी येणार?” येत्या मंगळवारी तिची मंगळागौर आहे. माझ्या हॉलमध्ये रात्रभर त्या पडद्यावरून तूच गाणार आहेस, ठरलंय. तू फक्त समोर बसून टाळीचा ताल धर, पोरींना तो अजून जमत नाही. धारला सोमवारी सकाळीच गाडी पाठवते. या पत्राला मात्र अंगठा चालेल.

तुझ्या सुरावर अजून फेर धरणारी, तुझीच
शशी